हॉलमधल्या संगणकासाठी टचपॅडचा वायरलेस कीबोर्ड : कोल्हापुरातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

मंगळवार पेठेतलं घर. खाली जुनं बांधकाम, वर नंतर चढवलेला मजला. हॉल वरच्या मजल्यावर, १६ फूट बाय ११ फूट. आखूड भिंतीवर ४३ इंची टीव्ही, समोर सोफा. सोफ्यावर टेकून बसलं की डोळ्यांपासून पडदा ११ फुटांवर येतो.

आतल्या खोलीतला जुना डेस्कटॉप विंडोज ११ घेत नव्हता आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्यांनी नवा मोठा डबा घेण्याऐवजी मिनी पीसी घेतला आणि तो टीव्हीच्या पाठीलाच स्क्रूने बसवला. बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क त्याच्याच शेजारी, वायफायचा राउटर टीव्हीखालच्या कपाटात.

वापरणारी माणसं पाच. आबा, वय ७१, सरकारी कचेरीतून लिपिक म्हणून निवृत्त. तालीम मंडळाची पत्रं, सभेचं इतिवृत्त, सातबारा पाहणं, लाइट बिल. टायपिंग कायम इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कीबोर्ड मांडणीत. आईंचं कीर्तन आणि पाककृती. मुलगा आणि सून यांचं कधीमधी ऑफिसचं काम. सीझनमध्ये शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचं थेट प्रक्षेपण. नात चौथीत, तिचा शाळेचा प्रोजेक्ट आणि गेम.

अडचण

सुरुवातीला जुनाच वायरचा कीबोर्ड आणि माउस तीन मीटरच्या एक्स्टेंशनवर टीपॉयपर्यंत आणला होता. वायर नेमकी स्वयंपाकघराच्या वाटेत आडवी. आठवड्यात दोनदा पाय अडकला. दुसऱ्या वेळी झटका थेट मिनी पीसीच्या यूएसबी पोर्टला बसला आणि ते पोर्ट सैल झालं. माउसचं दुखणं वेगळंच. सोफ्याच्या मखमली कव्हरवर ऑप्टिकल माउसचा कर्सर उड्या मारायचा, म्हणून कुणीतरी मांडीवर वही ठेवून तिच्यावर माउस फिरवायचं.

वायर घालवायची आणि माउसला लागणारी सपाट जागा नको, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. कुणाला काय जमलं पाहिजे, हे मात्र कुणी मांडलं नाही. पुढची पहिली चूक इथूनच निघाली.

पर्याय

सुटा वायरलेस कीबोर्ड आणि सुटा वायरलेस माउस स्वस्त पडतो, पण माउसची सपाट जागेची अट राहतेच. तो लगेच बाद झाला.

मोबाइललाच टचपॅड करणारी ॲप्स फुकट मिळतात. मुलाने दोन दिवस वापरून पाहिली. व्हिडिओ थांबवायला ठीक, पण संगणक झोपलेला असेल किंवा लॉगिनच्या पडद्यावर अडला असेल तर ॲप बहुधा काही करू शकत नाही. शिवाय फोन आला की कीबोर्ड गेला.

टीव्हीच्या रिमोटनेच संगणक चालावा, ही आईंची मागणी. ती ऐकायला सोपी वाटते. सेट-टॉप बॉक्स किंवा स्टिक टीव्हीच्या रिमोटला ऐकते ती एचडीएमआयमधल्या सीईसी या सोयीमुळे, आणि बहुतेक संगणकांच्या एचडीएमआयमध्ये ती नसते. वेगळा अडॅप्टर लावावा लागतो, आणि तो लावूनही टायपिंगचा प्रश्न तसाच राहतो.

घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड दिसायला देखणा. मांडीवर घेतला की बिजागरीवर वाकतो. त्याला टेबल लागतं. ब्लूटूथची आणखी एक अडचण आधीच माहीत असलेली बरी: विंडोज उघडण्याआधीच्या बायोसच्या पडद्यावर असा कीबोर्ड बहुधा चालत नाही. डोंगलवाला, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये खोचायच्या छोट्या रिसीव्हरवर चालणारा कीबोर्ड संगणकाला साध्या यूएसबी कीबोर्डसारखाच दिसतो, म्हणून तिथेही चालतो. कपाटात दुसरा वायरचा कीबोर्ड ठेवायचा नसेल तर डोंगलच बरा.

उरले दोन. दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी चालवायचा तळहाताएवढा कीबोर्ड, वर छोटा टचपॅड. किंवा पूर्ण मापाच्या कळांचा, उजव्या बाजूला टचपॅड असलेला लांबट कीबोर्ड. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवर चालणारे.

पहिला निर्णय : लहान, स्वस्त, चुकीचा

घरच्यांनी छोटा घेतला. किंमत मोठ्याच्या तिसरा हिस्सा, कळांखाली दिवा, आतच चार्ज होणारी बॅटरी, रिमोटच्या शेजारी मावणारा. नातीला तो पहिल्या मिनिटापासून जमला. मुलाला चालला. आबांनी दुसऱ्या दिवशी तालमीचं पत्र लिहायला घेतलं आणि अडले.

कारण इन्स्क्रिप्टच्या मांडणीत आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याला अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस, तिरकी रेघ या कळा क्वचित लागतात, म्हणून छोट्या कीबोर्डमध्ये त्या एफएन या निळ्या कळीमागे ढकलतात. इन्स्क्रिप्टमध्ये नेमक्या याच कळांवर मराठीची रोजची अक्षरं आहेत. अर्धविरामाच्या कळीवर च आणि शिफ्टने छ, तिच्या शेजारच्या अवतरणाच्या कळीवर ट आणि ठ, डाव्या चौकटी कंसावर ड आणि ढ, प्रश्नचिन्हाच्या तिरक्या रेघेवर य. उलट्या तिरक्या रेघेवर ॉ, म्हणजे ‘ऑफिस’ लिहायचं नसलं तरी ‘डॉक्टर’ला ती लागतेच. आता ‘आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेची चर्चा’ एवढी ओळ अंगठ्यांनी लिहून पाहा. दोन य, एक ड, चार च, आणि प्रत्येक वेळी निळी कळ दाबून धरायची.

‘अगं, ह्यात च कुठं ठेवलाय?’

‘आबा, ते निळं दाबून धरा की, मग येतोय.’

‘एका च ला दोन हात लावायचे, तर चहा कुठल्या हातानं प्यायचा?’

विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक मांडणीही आहे. तिच्यात इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटतं, म्हणजे ही अडचणच येत नाही. नातीने ती सुचवलीही. पण पंचवीस वर्षं बोटांत बसलेली मांडणी एका खेळण्यासाठी बदलायला लावणं चुकीचं होतं, आणि घरच्यांनी तो हट्ट धरला नाही हे बरं झालं.

आईंची अडचण टचपॅडची. तो बोटाच्या स्पर्शाने बदलणाऱ्या विद्युतक्षेत्रावर चालतो; बोट ओलं असलं किंवा पिठाचं असलं की कर्सर थरथरतो किंवा हलतच नाही. त्यात या छोट्या टचपॅडवर नुसता टॅप म्हणजे क्लिक. कीर्तन लावायला जावं आणि शेजारची जाहिरात उघडावी, असं रोजचं झालं.

दुसरा निर्णय : फूटपट्टी घेऊन दुकानात

दुसऱ्या वेळी ऑनलाइन फोटो पाहून ठरवलं नाही. राजारामपुरीतल्या दुकानात आबांना सोबत नेलं, खिशात शाळेची फूटपट्टी. आधी घरी कागदावर अटी लिहिल्या, आणि या वेळी त्या सगळ्यात कमी तडजोड करू शकणाऱ्या माणसावरून, म्हणजे आबांवरून, लिहिल्या.

पहिली अट मापाची. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीचा मध्य साधारण १९ मिलिमीटरवर असतो. क्यू ते पी मध्ये अशी नऊ अंतरं, म्हणजे क्यूच्या मध्यापासून पीच्या मध्यापर्यंत सुमारे १७ सेंटिमीटर भरायला हवेत. १६ भरले तर सवयीने जमतं, १५ च्या खाली आलं की बोटं शेजारच्या कळीवर पडू लागतात. खोक्यावर ‘फुल साइज’ छापलेला एक नग १५.३ भरला. दुकानदाराने स्वतः मोजून पाहिला आणि काही न बोलता बाजूला ठेवला.

दुसरी अट कळांची. च, ट, ड, ॉ आणि य यांच्या पाचही कळा एफएनशिवाय, आपापल्या जागी. उजवीकडची ऑल्ट कळही हवी, कारण इन्स्क्रिप्टची काही जादा चिन्हं तिच्यावर आहेत. एंटर आणि बॅकस्पेस आक्रसलेले नकोत.

तिसरी अट टचपॅडच्या जागेची. लॅपटॉपसारखा स्पेसबारच्या खाली टचपॅड असलेला एक नग पाहिला. टाइप करताना आबांचा तळवा त्याच्यावर टेकला आणि कर्सर दोन ओळी वर उडाला. लॅपटॉपमध्ये असं सहसा होत नाही, कारण तिथे विंडोजला ‘हा टचपॅड आहे’ हे कळतं आणि तळव्याचा स्पर्श गाळला जातो. असे बरेच कीबोर्ड मात्र आपला टचपॅड संगणकाला साधा माउस म्हणून सांगतात. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये टचपॅडचं पानच दिसत नाही आणि तळवा गाळायची सोयही नाही. म्हणून टचपॅड उजव्या कडेला हवा.

चौथी अट आईंसाठी : दाबल्यावर ‘टक्’ वाजणारी खरी क्लिकची बटणं, आणि टॅपने होणारी क्लिक बंद करायची सोय. निवडलेल्या कीबोर्डला एक डावं बटण डाव्या वरच्या कोपऱ्यातही होतं. उजव्या अंगठ्याने कर्सर न्यायचा, डाव्या अंगठ्याने क्लिक करायचं. मांडीवर ठेवून वापरताना ही रचना फार सोयीची पडते.

बॅटरीवर थोडी चर्चा झाली. आतली चार्ज होणारी बॅटरी आकर्षक, पण दोन-तीन वर्षांनी ती दमली की कीबोर्डच टाकायचा. पेन्सिल सेलवर चालणारा घेतला : दोन सेल, बाजूला चालू-बंदची खटकी, आणि सेलच्या खाचेत डोंगल ठेवायची जागा. डोंगल हरवला तर दुसरा जोडता येतो का, हेही विचारून घेतलं. लॉजिटेकच्या युनिफाइंगसारख्या पद्धतीत नवा डोंगल घेऊन जोडता येतो. स्वस्त नगांत डोंगल गेला की कीबोर्ड भंगारात.

सुरक्षेचा मुद्दा सुनेने काढला. २०१६ मध्ये ‘माउसजॅक’ नावाने जाहीर झालेल्या संशोधनाने दाखवलं होतं की ब्लूटूथ नसलेल्या अनेक कंपन्यांच्या डोंगलमधून बाहेरचा माणूस रेडिओवरून कळा घुसवू शकतो. म्हणून खोक्यावर एन्क्रिप्शनचा, म्हणजे कळा सांकेतिक रूपात पाठवण्याचा, स्पष्ट उल्लेख असलेलाच नग घेतला. बँकेचे व्यवहार तरीही फोनवरच ठेवायचे, असं ठरलं.

नवा कीबोर्डही अडखळला

घरी आणून डोंगल टीव्हीमागे खोचला. कर्सर जड चालत होता, मधेच थांबत होता, ‘मंडळ’ लिहिलं की कधी ‘मंळ’ उमटत होतं. परत करायची तयारी झाली होती. तसं झालं असतं तर तिसरा कीबोर्डही असाच वागला असता, कारण दोष कीबोर्डचा नव्हता.

इथे दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या होत्या. एक, कर्सर कायम थोडा मागे राहतो. दुसरी, मधेच अक्षर गळतं किंवा कर्सर झटका घेतो. कायमचा उशीर आणि मधूनच येणारा झटका यांची कारणं सहसा वेगळी असतात.

पहिलीसाठी वायरचा जुना माउस थेट मिनी पीसीला लावला. त्याचाही कर्सर तेवढाच मागे. म्हणजे हा उशीर टीव्हीचा. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते, पाहिला, ६० होता. तिथे ३० असता तरी कर्सर तुटक दिसला असता. मग टीव्हीच्या मेनूमध्ये त्या एचडीएमआयला गेम मोड लावला. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी जी प्रक्रिया करतो ती या मोडमध्ये बहुतेक बंद होते. जडपणा तिथल्या तिथे गेला.

दुसरीसाठी नोटपॅड उघडून १ ते ० हे दहा आकडे दहा वेळा, म्हणजे शंभर कळा, सोफ्यावरून टाइप केल्या. सहा गळल्या. हार्ड डिस्क काढून पुन्हा शंभर : एक गळली. डिस्क लावून तिच्यावर मोठी फाइल कॉपी करत शंभर : अकरा.

हे नवीन नाही. यूएसबी ३.० ची माहिती ज्या वेगाने पळते त्या वेगाचा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पडतो. इंटेलने २०१२ साली याच विषयावर तांत्रिक टिपण काढलं होतं. इथे डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये, चिकटून दुसऱ्या पोर्टमध्ये डिस्क, पुढे टीव्हीची धातूची पाठ आणि खाली कपाटात राउटर. खोक्यावरचं १० मीटर मोकळ्या जागेतलं असतं. धातूच्या पाठीआड बसलेल्या डोंगलला ११ फूटही जड जातात.

उपाय एका मीटरच्या साध्या यूएसबी २ एक्स्टेंशनचा. ती काळ्या यूएसबी २ पोर्टमध्ये लावली, टोक टीव्हीच्या खालच्या कडेला दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवलं, डोंगल सोफ्याला दिसेल असा. डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला नेली, मिनी पीसीचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाकलं. पुन्हा शंभर कळा, कॉपी चालू ठेवून : एकही गळली नाही.

बसवणी

अकरा फुटांवरून अक्षर दिसावं म्हणून डिस्प्लेचं स्केल २०० टक्के केलं, कर्सर मोठा आणि पिवळा. टास्कबार खालून कापला जात होता. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये ‘स्क्रीन फिट’ केल्यावर पूर्ण दिसला.

संगणक झोपेतून कीबोर्डने उठत नव्हता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या नोंदीत ‘या उपकरणाने संगणक उठवू द्यावा’ ही खूण करायची असते. तिथे एकसारख्या नावांच्या तीन नोंदी होत्या. डोंगल काढला की जी नाहीशी होते ती आपली. खूण करूनही उठेना, कारण बायोसमध्ये ‘ईआरपी’ ही वीजबचतीची सेटिंग चालू होती आणि ती झोपेत यूएसबीची वीज तोडत होती. ती बंद केली. मग उलटी तक्रार आली : रात्री टीव्ही आपोआप उजळायचा. उशीखाली राहिलेल्या कीबोर्डच्या टचपॅडला धक्का लागायचा. माउसच्या नोंदीवरची उठवण्याची खूण काढली, कीबोर्डची ठेवली.

कॅप्सलॉकचा दिवा या कीबोर्डला नाही. पासवर्ड चुकतोय की कॅप्स चालू आहे हे कळत नाही, म्हणून लॉगिनला सहा आकडी पिन.

सेल अल्कलाइनचे. रिचार्जेबल १.२ व्होल्टचे लावून पाहिले, चालले, पण सेल संपत आल्याचा दिवा लवकर लुकलुकायला लागला आणि आईंना दर वेळी वाटायचं की काहीतरी बिघडलं. साधे झिंकचे सेल मात्र नकोत. पावसाळ्यात चार महिने दमट हवेत पडून राहिले की फुटून खाच गंजवतात.

परिणाम

आबांचं पत्र आता सोफ्यावरून होतं, टीपॉयवर चहा ठेवून. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस या दोन कळा, एवढंच त्यांना नवीन शिकावं लागलं. आईंसाठी टॅप बंद केला आणि कीर्तनाचा शॉर्टकट डेस्कटॉपवर मोठा ठेवला. त्या डाव्या कोपऱ्यातलं बटणच वापरतात. ओल्या बोटांचा प्रश्न सुटला नाही, टचपॅड आहे तोवर सुटणारही नाही. छोटा कीबोर्ड नातीकडे गेला.

पुन्हा करायचं झालं तर

कीबोर्ड घेण्याआधी डोंगलची जागा तपासायला हवी होती. जुन्या वायरच्या कीबोर्डचं एक्स्टेंशन घरात होतंच; उसना डोंगल घेऊन शंभर कळांची चाचणी अर्ध्या तासाची होती. छोट्या कीबोर्डच्या वेळी ती झाली असती तर तो का अडखळतोय याचाही काही भाग तेव्हाच कळला असता. तेव्हा सगळा दोष त्याच्या आकारावर गेला.

कळांवरची मराठी अक्षरं हा मुद्दा दुकानात कुणाच्या लक्षात आला नाही. मांडणी बोटांत बसलेली असली तरी आबा कळांकडे बघून टाइप करतात. पारदर्शक स्टिकरचा संच नंतर आणला, तो काळ्या कळांवर दिसेना. मग पांढऱ्या अक्षरांचा आणावा लागला. आणि कळांवर भडंगाचं तेल-तिखट बसलं म्हणून सुनेने खटकी बंद करून स्पिरिटच्या फडक्याने सगळा कीबोर्ड पुसला, त्यात ट आणि ड ची स्टिकरं कडेने उचकटली. आता स्पिरिट फक्त टचपॅडला, कळांवर कोरडा रंगाचा ब्रश, आणि भडंग वाटीत चमच्याने.